कोल्हापुरात राहून फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर होता येतं का? ऑनलाइन कोर्स, लायसन्स आणि पहिली नोकरी

सायबर_चौक

नमस्कार मंडळी. बी.एस्सी. नर्सिंग, एमयूएचएस (नाशिकचं आरोग्य विद्यापीठ), २०२१ पास. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे. खासगी रुग्णालयात तीन वर्षं मेडिकल आयसीयू, आता मधुमेह-बीपीची ओपीडी. शहरातली एक कन्सल्टन्सी 'अमेरिकन फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर' असा ऑनलाइन कोर्स देते आहे. १८ महिने, साडेसहा लाख, नोकरी सोडायची गरज नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कोर्स झाला की इथे स्वतःची ओपीडी चालवता येते, आणि अमेरिकेत गेलं तर थेट एनपी (रुग्ण तपासून औषधं लिहून देणारी नर्स) म्हणून लागता येतं. पहिला हप्ता पंधरा तारखेपर्यंत भरा म्हणून मागे लागलेत.

हे कितपत खरं आहे? भारतात याच्या जवळचं काय आहे? आणि अमेरिकेलाच जायचं ठरवलं तर आधी काय, नंतर काय, हे कुणी नीट सांगेल का? पहिली नोकरी कशी मिळते हेही हवंय. यूट्यूबवर सगळे एनक्लेक्सपाशी, म्हणजे तिथल्या नर्सच्या लायसन्सच्या परीक्षेपाशी, येऊन थांबतात.

बिंदू_चौक_ब्रदर

ताई, हप्ता भरू नका. दोन्ही आश्वासनं खोटी आहेत.

आधी अमेरिकेचं. तिथे एफएनपी व्हायला मान्यताप्राप्त एमएसएन किंवा डीएनपी (नर्सिंगची मास्टर्स किंवा डॉक्टरेट) लागते, मग राष्ट्रीय परीक्षा, मग त्या राज्याचं एपीआरएन (प्रगत नर्सचं) लायसन्स. थिअरी ऑनलाइन असते, अमेरिकेतली चांगली विद्यापीठंसुद्धा तसंच शिकवतात. घोडं अडतं ते क्लिनिकल तासांवर. जुनी किमान अट ५०० तासांची होती, २०२२ च्या राष्ट्रीय मानकांत ती ७५० झाली, आणि तेही थेट रुग्ण तपासण्याचे तास. सिम्युलेशन त्यात धरत नाहीत. हे तास भरायला अमेरिकन आरएन (नोंदणीकृत नर्सचं) लायसन्स हातात लागतं, शाळेने मान्य केलेला प्रीसेप्टर (हाताखाली शिकवणारा डॉक्टर किंवा एनपी) लागतो, आणि त्या राज्यात क्लिनिकल घ्यायची शाळेला परवानगी लागते. सीपीआरच्या (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या) ओपीडीत उभं राहून ते भरत नाहीत. आठवड्याला दोन दिवस, दिवसाला आठ तास धरले तरी ७५० तासांना ४७ आठवडे जातात. ते कुठे आणि कुणाच्या हाताखाली होणार, हे कन्सल्टन्सीने सांगितलंय का?

तास भरले नाहीत तर शाळा परीक्षेसाठी शिक्षणाचा दाखला देत नाही आणि परीक्षेचा अर्जच पुढे सरकत नाही. म्हणजे १८ महिन्यांनी हातात फ्रेम करायला एक कागद.

त्यांना एवढंच विचारा: प्रोग्रामला मान्यता कुणाची? सीसीएनई, एसीईएन किंवा एनएलएनची सीएनईए, यांपैकी एकाचं नाव आलं पाहिजे, आणि ते त्या संस्थेच्या यादीत स्वतः शोधा, त्यांनी पाठवलेल्या पीडीएफवर जाऊ नका. प्रवेशाला आरएन लायसन्स लागतं का, हेही विचारा. 'लागत नाही' म्हणाले तर पुढे बोलायचं कारण नाही.

आता इथली ओपीडी. महाराष्ट्र मेडिकल प्रॅक्टिशनर्स ॲक्ट १९६१ प्रमाणे नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणं गुन्हा आहे. शेड्यूल एचची औषधं नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच देता येतात. मेटफॉर्मिन, अ‍ॅम्लोडिपिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन लिहून देणारी 'स्वतःची ओपीडी' नर्सला चालवता येत नाही, मग कोर्स कुठलाही असो. तक्रार झाली तर कन्सल्टन्सी पोलीस ठाण्यात तुमच्या शेजारी बसणार नाही.

उपकेंद्र_ताई

भारतातल्या पर्यायांवर लिहिते. कुटुंबाला धरून, लहान बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना बघायचं काम इथे हवं असेल तर सर्वांत जवळचं पद समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, २०२३ मध्ये नाव आयुष्मान आरोग्य मंदिर झालं. सपाटीला साधारण पाच हजार लोकसंख्या, डोंगरी भागात तीन हजार. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडची उपकेंद्रं या दुसऱ्या हिशोबातली.

काम नेमकं काय? तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (आजाराचा धोका मोजणारी प्रश्नावली) आशाताई भरतात, चारपेक्षा जास्त गुण आले की त्या माणसाला तपासणीला आधी बोलवायचं. बीपी, ग्लुकोमीटरवर साखर, तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी. संशयित रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवायचा. निदान आणि पहिली चिठ्ठी त्यांची, पुढे महिन्याच्या गोळ्या देणं, बीपी आटोक्यात आहे का बघणं, न येणाऱ्याच्या घरी जाणं तुमचं. अडलं तर ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलणं. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत उपकेंद्र पातळीला १०५ औषधं आणि १४ तपासण्या धरल्या आहेत. प्रत्यक्ष कपाटात काय असतं ते मात्र रुजू होण्याआधी जाऊन बघा.

पात्रतेचं. २०२१-२२ पासून जो नवा सेमिस्टर पद्धतीचा बी.एस्सी. अभ्यासक्रम आला त्यात हा भाग मुळातच घातला आहे. तुम्ही २०२१ पास, म्हणजे जुन्या अभ्यासक्रमाच्या, तेव्हा सहा महिन्यांचा वेगळा कोर्स लागू शकतो. जाहिरातीतली पात्रतेची ओळ शब्दशः वाचा, दरवेळी थोडी बदललेली असते. मानधन इथल्या जाहिरातींत २५ हजार ठरावीक आणि १५ हजारांपर्यंत कामावर आधारित असं येत आलंय. त्या १५ मधले हातात किती पडतात हे पोर्टलवरच्या नोंदीवर ठरतं. दिवसभर रुग्ण बघून संध्याकाळी नोंद राहिली तर ते काम झालंच नाही असं धरतात. पद कंत्राटी आहे, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा.

'नर्स प्रॅक्टिशनर' हे नाव असलेले इथले रस्ते वेगळे. क्रिटिकल केअरमधला दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर कोर्स इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०१७ च्या सुमाराला आणला. बी.एस्सी. आणि किमान एक वर्षाचा क्लिनिकल अनुभव लागतो, तुमचा आयसीयूचा तिथे धरला जाईल. दुसरा मिडवायफरीचा, १८ महिन्यांचा. दोन्हीकडे ठरवून दिलेल्या प्रोटोकॉलच्या आत राहूनच औषधं देता येतात, आणि बऱ्याच रुग्णालयांत या पदाचा स्वतंत्र पगारपट्टाच नाही. फी भरण्याआधी तिथल्याच मागच्या बॅचला विचारा की पगारपत्रकावर पद काय लिहून येतं. मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी कौन्सिलच्या संकेतस्थळावर असते.

पक्की सरकारी नोकरी हवी असेल तर अधिपरिचारिका भरती, ३५,४०० ते १,१२,४०० ची पगारश्रेणी. पण तो या धाग्याचा विषय नाही.

गारगोटी_जीएनएम

मध्येच विचारतो, माफ करा. मी जीएनएम (नर्सिंगची पदविका), नंतर पोस्ट बेसिक (त्यावरची बी.एस्सी.) केलंय. मला चालेल का हे? आणि कागदपत्रं कोल्हापुरातून होतात की मुंबई-नाशिकच्या फेऱ्या?

फाईलवाली_मावशी

गारगोटीकर, आरएनसाठी जीएनएम बऱ्याच राज्यांत चालतं. एमएसएनच्या प्रवेशाला बॅचलर लागते, तिथे तुझं पोस्ट बेसिक कामी येईल. पण मूल्यांकन दोन्हींचं करून घे, नुसतं पोस्ट बेसिक पाठवलंस तर मूळ क्लिनिकल तास दिसत नाहीत आणि फाईल परत येते. जुन्या अभ्यासक्रमात काही ब्रदरना मिडवायफरीऐवजी दुसरा विषय असायचा. तुझ्या मार्कशीटवर तसं असेल तर बहुतेक राज्यं प्रसूतीचे तास अपुरे म्हणून अडवतील, तेव्हा ते आधी बघ.

आता फाईल. परदेशी नर्सची कागदपत्रं तपासणारी सीजीएफएनएस (हल्ली नाव ट्रूमेरिट झालंय) किंवा राज्याने सांगितलेली संस्था तुमच्या हातचे कागद घेत नाही. कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट कॉलेजने किंवा विद्यापीठाने थेट पाठवायचं, रजिस्ट्रेशनची पडताळणी मुंबईच्या नर्सिंग कौन्सिलने थेट पाठवायची. ट्रान्सक्रिप्टवर मेडिकल-सर्जिकल, प्रसूती, बाल, मानसोपचार आणि कम्युनिटी या प्रत्येकाचे थिअरी आणि क्लिनिकल तास वेगवेगळे लिहिलेले हवेत. कॉलेजचा क्लार्क एकूण बेरीज लिहून मोकळा होतो. तसा नमुना समोर आला तर सही-शिक्का व्हायच्या आधीच हात जोडून परत टाईप करून घ्या, नंतर ते लिफाफा उघडत नाहीत. कॅलिफोर्निया तर थिअरी आणि क्लिनिकल एकाच काळात झालं का हेही तपासते, तिथे आपल्याकडचे बरेच अर्ज अडकतात. पहिला अर्ज तिथे नको.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, कधी शेवटी आईचंही. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये नाव आणि वडिलांचं, आडनाव वेगळ्या रकान्यात. लग्न झालेलं असेल तर कौन्सिलकडे माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. एनक्लेक्सला भारतात ओळखपत्र म्हणून फक्त पासपोर्ट चालतो आणि प्रवेशपत्रावरचं नाव त्याच्याशी जुळावं लागतं. जुळलं नाही तर दारातून परत, फी बुडाली. म्हणून आधी पासपोर्ट ठरवा (कोल्हापुरात पोस्टातच केंद्र आहे, पुण्याला जावं लागत नाही), मग त्याप्रमाणे कौन्सिलकडे नावबदल, आणि मगच बाहेरचा पहिला अर्ज. उलट क्रमाने गेलात तर तीन ठिकाणी प्रतिज्ञापत्रं देत बसाल.

एनक्लेक्सची फी २०० डॉलर, परदेशी केंद्रासाठी वर १५० आणि त्यावर कर. केंद्र मुंबईत आहे. ८५ ते १५० प्रश्न, पाच तास. नापास झालात तर ४५ दिवसांनी पुन्हा. महालक्ष्मीने सकाळी उतरून थेट परीक्षेला जाऊ नका, गाडी लेट झाली तर फी पाण्यात. आदल्या दिवशी मुक्काम करा.

एफएनपी_ॲरिझोना

पुढचा टप्पा मी लिहितो. मूळ प्रश्नकर्त्या ताईंनी आधी एक ठरवावं: एफएनपी हवंय का खरंच? एफएनपी म्हणजे प्राथमिक आरोग्यसेवा. अमेरिकेत २००८ पासून जो सामाईक आराखडा आहे त्यात लायसन्स शिक्षणाच्या शाखेला बांधलेलं असतं. एफएनपी घेऊन आयसीयूत काम करायला गेलात तर रुग्णालयाची क्रेडेन्शियलिंग समिती (कुणाला कुठलं काम करू द्यायचं ते ठरवणारी) अडवते, आणि काही चूक घडली तर वकील पहिला मुद्दा तोच काढतो. आयसीयूच आवडत असेल तर प्रौढ-वृद्ध अ‍ॅक्यूट केअरची शाखा घ्या. मधुमेह-बीपीची ओपीडी आवडत असेल तर एफएनपी बरोबर आहे.

शाळा निवडताना फीपेक्षा प्रीसेप्टर कोण शोधून देतं हे बघा. पुष्कळ शाळा 'तुमचा तुम्ही शोधा' म्हणतात. नव्याने आलेल्या माणसाची तिथे ओळख नसते, मग सेमिस्टर वाया जातं किंवा मध्यस्थाला पैसे मोजावे लागतात. बालरुग्ण आणि स्त्रीरोगाच्या जागा सर्वांत आधी भरतात, तेव्हा त्या सहा महिने आधी पकडायच्या. तास रोजच्या रोज नोंदवा. रुग्णाचा वयोगट, निदान, तुम्ही किती केलं आणि प्रीसेप्टरने किती, सगळं. महिन्याने एकदम भरलेल्या नोंदी शाळा परत पाठवते.

परीक्षा दोन, त्यातली एक द्यायची. एएएनपीसीबीची १५० प्रश्नांची, तीन तास, जवळजवळ पूर्ण क्लिनिकल. एएनसीसीची १७५ प्रश्नांची, साडेतीन तास, तिच्यात संशोधन, कायदा आणि व्यावसायिक भूमिका यांचेही प्रश्न येतात. मालक आणि विमा कंपन्या दोन्ही मानतात. क्लिनिकल पक्कं असेल तर पहिली द्या. मात्र तिच्यात नापास झालं तर कमकुवत विषयांत १५ तासांचं शिक्षण दाखवावं लागतं आणि वर्षात दोनच प्रयत्न. दुसरीला ६० दिवसांची वाट आणि बारा महिन्यांत तीन प्रयत्न. दोन्ही प्रमाणपत्रं पाच वर्षांची.

पास झाल्यावर एपीआरएन लायसन्स, मग औषधं लिहायचा अधिकार (काही राज्यांत एकाच अर्जात, काहींत वेगळा), मग एनपीआय (बिलिंगसाठीचा राष्ट्रीय ओळख) क्रमांक, हा फुकट मिळतो आणि लवकर मिळतो. डीईए नोंदणी (नियंत्रित औषधं लिहायला लागणारी) ८८८ डॉलर, तीन वर्षांसाठी. ही राज्याला आणि पत्त्याला बांधलेली असते, म्हणून नोकरी ठरायच्या आधी घाईने काढू नका, बरेच मालक पैसे भरतात. नियंत्रित औषधांबद्दल आठ तासांचं प्रशिक्षण २०२३ पासून सक्तीचं आहे, शाळेत झालं असेल तर तसा दाखला मागून ठेवा.

आता जिथे लोकांचे महिने जातात ते. विमा कंपन्यांकडे तुमचं नाव चढल्याशिवाय मालकाला तुमच्या कामाचे पैसे मिळत नाहीत, आणि याला साधारण ९० ते १२० दिवस लागतात. सीएक्यूएच प्रोफाइल (विमा कंपन्या जिथून तुमची माहिती घेतात ते) लायसन्स मिळाल्याच्या दिवशी भरा. कामाच्या इतिहासात एका महिन्याचीही फट ठेवू नका. कोल्हापुरातली नोकरी सोडली ते अमेरिकेत पोचलात, हा काळसुद्धा 'स्थलांतर, परीक्षेची तयारी' असा लिहून भरायचा. फट दिसली की फाईल बाजूला पडते आणि कुणी कळवतही नाही. करारात लिहून घ्या की पगार रुजू झालेल्या तारखेपासून, विमा मंजुरीच्या तारखेपासून नव्हे.

कराराची बाकी कलमं. व्यावसायिक दायित्वाचा विमा 'क्लेम्स-मेड' (विमा चालू असताना आलेल्या दाव्यांपुरता) असेल तर नोकरी सोडताना मागच्या कामाचं संरक्षण, ज्याला ते टेल म्हणतात, कोण विकत घेणार? ते मालकाच्या नावावर लिहून घ्या. रुग्णसंख्या पहिल्या महिन्यात दिवसाला आठ-दहा, मग हळूहळू वाढवत सहा महिन्यांत अठराच्या आसपास, हेही कागदावर हवं. 'आमच्याकडे सगळे पहिल्या आठवड्यापासून वीस बघतात' असं ऐकलंत तर नमस्कार करून निघा. मेडिकेअर (तिथला सरकारी, मुख्यतः वृद्धांचा आरोग्य विमा) एनपीला डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के देतं. १०० टक्के मिळावेत म्हणून काही ठिकाणी तुम्ही बघितलेला नवीन रुग्णसुद्धा डॉक्टरच्या नावाने बिल करतात. नवीन रुग्णाला आणि नव्या तक्रारीला डॉक्टरच्या नावाने बिल करायची ती मुभा लागू होत नाही. मुलाखतीतच विचारा की बिलिंग कुणाच्या क्रमांकावर जातं.

नवख्याला सर्वांत बरी जागा म्हणजे सरकारी अनुदानावरची सामुदायिक आरोग्य केंद्रं. शिकवतात, रुग्णांची विविधता असते, काही ठिकाणी वर्षभराची फेलोशिपही असते. पगार थोडा कमी. अर्जंट केअरला एकट्याने लगेच उभं राहू नका, टाके, एक्स-रे वाचन आणि छातीत दुखणारा रुग्ण हे सगळं एकाच तासात येतं आणि विचारायला कुणी नसतं.

राज्य मात्र पूर्ण अधिकाराचं निवडा. ॲरिझोना, न्यू मेक्सिको, वॉशिंग्टन इथे पहिल्या दिवसापासून डॉक्टरशी करार लागत नाही.

पन्हाळा_ते_ह्यूस्टन

वरच्या दादांचं बाकी सगळं मान्य, शेवटचं नाही. टेक्सासमध्ये डॉक्टरशी लेखी करार लागतो, आणि शेड्यूल दोनची (कडक नियंत्रणातली) औषधं रुग्णालय वा हॉस्पिसच्या बाहेर लिहिता येत नाहीत, हे खरं. पण नवख्याला त्या कराराचाच आधार होतो. दर महिन्याला डॉक्टरबरोबर केसेस बघायला बसावं लागतं, एरवी कोण बसतं तुमच्यासाठी? पूर्ण अधिकाराच्या राज्यात छोट्या गावातल्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी एकटीला बसवतात. न्यूयॉर्कसारखा मधला रस्ताही आहे, ३,६०० तास झाले की करारातून सुटका. अधिकार किती यापेक्षा शेजारच्या खोलीत अनुभवी माणूस आहे का, हे मी आधी बघेन.

व्हिसावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण क्रम तिथेच मोडतो. ग्रीन कार्डवरून आरएन म्हणून यायचं तर ईबी-३ ची (नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाच्या वर्गाची) भारतीयांची रांग दहा वर्षांहून मोठी आहे. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) एमएसएनला यायचं तर दर सेमिस्टरला ऑनलाइन एकच विषय पूर्णवेळ अभ्यासात धरतात, आणि एफएनपीचे बरेच कोर्स मुख्यतः ऑनलाइन असतात. त्यामुळे वर्गात शिकवणारी शाळाच चालते. शिवाय बऱ्याच राज्यांत आरएन लायसन्सला सोशल सिक्युरिटी क्रमांक लागतो आणि एफ-१ वर तो नोकरीशिवाय मिळत नाही. म्हणून त्याशिवाय लायसन्स देणारं राज्य निवडा, आणि त्या राज्यात शाळा क्लिनिकल घेते का ते शाळेकडून लेखी घ्या.

शिक्षणानंतर ओपीटी (विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी) बारा महिने, त्यात बेरोजगारीचे एकूण ९० दिवसच चालतात. परीक्षा, लायसन्स आणि वर आलेली विमा मंजुरी यांतच पाच-सहा महिने जातात. म्हणून नोकरी शेवटच्या सेमिस्टरमध्ये पक्की करायची आणि रुजू होण्याची तारीख विमा मंजुरीची वाट न बघता ठेवून घ्यायची. एनपीला एच-१बी (नोकरीचा व्हिसा) मिळू शकतो, साध्या आरएनला सहसा नाही. विद्यापीठाशी संलग्न ना-नफा रुग्णालयं लॉटरीतून सुटतात, अर्ज तिथे आधी करा. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली आहे. ते कुणाला लागू होतं आणि कुणाला नाही, हे मालकाच्या नव्हे, स्वतःच्या वकिलाकडून विचारून घ्या.

सायबर_चौक

सगळ्यांचे मनापासून आभार. कन्सल्टन्सीला मान्यता आणि आरएन लायसन्सचं विचारलं. उत्तर आलं, 'मॅडम, ते नंतर बघू, आधी सीट बुक करा.' हप्ता भरत नाहीये.

फाईलवाली मावशी, एकच विचारायचंय. पासपोर्टवर सासरचं नाव आहे, कौन्सिलकडे माहेरचं. कौन्सिलकडे बदलून घेऊ की पासपोर्टच माहेरच्या नावाने करू? मार्कशीट तर बदलणार नाहीत.

फाईलवाली_मावशी

पासपोर्ट तसाच ठेवा, त्यावर पुढे व्हिसा येणार. कौन्सिलकडे विवाह नोंदणी दाखला, राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि पासपोर्टची सत्यप्रत जोडून बदल करा. ऑनलाइन अर्ज केल्यावर पावती क्रमांक जपून ठेवा, त्यावाचून चौकशीला कुणी दाद देत नाही. मार्कशीट माहेरच्याच नावाने राहू द्या. सगळीकडे अर्जात 'पूर्वीचं नाव' असा रकाना असतो, तो मार्कशीटवर जसं छापलंय तस्सं, आडनाव आधी तर आडनाव आधी, भरा. आणि नवं रजिस्ट्रेशन हातात आल्यावर आपल्या नावातलं प्रत्येक इंग्रजी अक्षर काउंटरवरच तपासा. 'जाधव'चा एक एच गळाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून.